आभाळाचे भाऊबंद

‘यश’ मिळवतो तो यशस्वी, ‘तेज’ असते तो तेजस्वी, ‘तप’ करतो तो तपस्वी. हे शब्द आपण रोज वापरतो. पण यशात, तेजात किंवा तपात नसलेला ‘स’ त्यांच्यात येतो कुठून, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. रशियन माणूसही असाच एक ‘स’ रोज उच्चारतो. त्याच्या भाषेत आकाशाला ‘नेबो’ म्हणतात. ‘ओक्नो’ म्हणजे खिडकी आणि तिचे अनेकवचन ‘ओक्ना’. त्या हिशेबाने ‘नेबो’चे अनेकवचन ‘नेबा’ व्हायला हवे. होते मात्र ‘नेबेसा’. आकाशातला, स्वर्गीय अशा अर्थाचे विशेषण होते ‘नेबेस्नी’. हा वरवर आगंतुक वाटणारा ‘स’ आणि आपल्या ‘यशस्वी’तला ‘स’ एकाच घराण्यातले आहेत. भाषांचे नाते शोधायचे असेल तर ते अशाच अडचणीच्या, नियमाला न जुमानणाऱ्या जागी शोधले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. आपली सवय नेमकी उलटी आहे. कानाला सारखे वाटणारे दोन शब्द हाती लागले की एक भाषा दुसरीची लेक ठरवून आपण मोकळे होतो. या सवयीने आपले अज्ञान तर वाढतेच, शिवाय आपल्याच भाषेची खरी श्रीमंती आपल्या नजरेआड राहते. आकाशाला नाव देणाऱ्या एका स्लाव्ह नामाची कथा हे पटवायला पुरेशी आहे.

रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, स्लोव्हेन, बल्गेरियन या भाषा ज्या एका बोलीतून फुटल्या तिला अभ्यासक आद्य स्लाव्ह म्हणतात. ती कुणी लिहून ठेवली नाही. स्लाव्ह लेखनाचा आरंभ नवव्या शतकातला. थेस्सालोनिकीचे किरिल आणि मेथोडियस हे भाऊ ८६३ च्या सुमारास मोराव्हियात धर्मप्रसारासाठी गेले आणि त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ स्लाव्ह भाषेत आणले. त्याआधीचे जे रूप आपण सांगतो ते पुनर्रचित, म्हणजे लेकींच्या चेहऱ्यांवरून आईचा चेहरा रेखाटावा तसे काढलेले. अशा रूपापुढे तारा काढण्याचा रिवाज आहे: *नेबो. ‘हे रूप लिखित सापडलेले नाही, अनुमानाने सिद्ध केलेले आहे’ एवढेच तो तारा सांगतो. हे नाम नपुंसकलिंगी होते आणि त्याला एकवचन, द्विवचन, बहुवचन अशी तिन्ही वचने होती. ‘पाणी’ला प्रत्यय लागताना मराठीत जसे ‘पाण्या-’ असे सामान्यरूप होते, तसे ‘नेबो’चे प्रत्ययापूर्वीचे रूप ‘नेबेस-’ होते. षष्ठी ‘नेबेसे’, चतुर्थी ‘नेबेसि’, प्रथमेचे बहुवचन ‘नेबेसा’. चमत्काराला ‘चूदो’ आणि अनेकवचनी ‘चूदेसा’, शब्दाला ‘स्लोवो’ आणि षष्ठीत ‘स्लोवेसे’: अशा नामांचा हा एक छोटा वर्गच होता. पुढे बोलणाऱ्यांनी बहुतेक रूपे सोप्या, बहुसंख्य नामांच्या वळणावर नेली. आजच्या रशियनमध्ये ‘नेबो’ची षष्ठी ‘नेबा’ अशी साधीच होते. पण ‘नेबेसा’ हे अनेकवचन प्रार्थनेच्या आणि धर्मग्रंथांच्या भाषेत घट्ट रुतलेले होते, म्हणून ते टिकले. चेकमध्ये ‘नेबे–नेबेसा’ आणि पोलिशमध्ये ‘न्येबो–न्येब्योसा’ या जोड्याही अशाच उरल्या आहेत.

आता संस्कृतकडे पाहू. प्रथमा ‘नभः’, षष्ठी ‘नभसः’. मूळ प्रातिपदिक ‘नभस्’. शब्दाच्या टोकाला आलेला ‘स्’ झिजून विसर्ग झाला, पण पुढे स्वर मिळाला तिथे तो शाबूत राहिला. मराठीत ‘नभ’ आला तेव्हा विसर्गही गळाला. ‘यशस्’, ‘तेजस्’, ‘तपस्’, ‘मनस्’, ‘वयस्’ यांचेही तेच झाले. म्हणून ‘यश’ म्हणताना दडलेला ‘स’ ‘यशस्वी’ म्हणताना बाहेर येतो, ‘वय’ म्हणताना दडलेला ‘वयस्क’मध्ये दिसतो. स्लाव्हमध्येही नेमके हेच घडले. आद्य स्लाव्हने शब्दान्ती येणारी व्यंजने टाकून दिली. त्यामुळे ‘नेबो’च्या टोकाचा ‘स’ गेला, पण ‘नेबेसा’च्या मधोमध असलेल्या ‘स’ला कुणी हात लावला नाही. एकमेकींपासून हजारो मैलांवर दोन भाषांनी एकच व्यंजन टोकाला गमावले आणि मध्ये सांभाळले. शब्द उसना घेणारा माणूस ‘नभ’ घेऊन जाईल. पण ‘नभसः’मधला आडवळणी ‘स’ सांभाळून नेणार नाही. भाषेतले अपवाद मुलाला आईच्या बोलण्यातून मिळतात. म्हणून नाते ठरवताना अशा रूपांची साक्ष सर्वांत वजनदार धरावी लागते.

इथे एक मोठा सापळा आहे. मराठीत आपण ‘नभोवाणी’ म्हणतो, ‘नभोमंडळ’ म्हणतो. तो ‘नभो’ आणि रशियन ‘नेबो’ शेजारी ठेवले की अनेकांचे डोळे चमकतात: शेवटचा ‘ओ’सुद्धा तोच! पण तो तोच नाही. संस्कृतातला ‘नभो’ हा संधीचा परिणाम आहे. पुढे मृदू व्यंजन आले की ‘अस्’चा ‘ओ’ होतो. याच नियमाने ‘मनोरंजन’, ‘तपोवन’ आणि ‘यशोगाथा’ हे शब्द बनले. स्लाव्ह ‘ओ’ला संधीशी काही देणेघेणे नाही. त्याचा उलगडा तर अभ्यासकांमध्ये आजही वादाचा आहे. पुल्लिंगी नामांत शेवटचा ‘ओस्’ स्लाव्हमध्ये अगदी आखूड उकारासारखा झाला. संस्कृत ‘वृकः’ म्हणजे लांडगा, त्याच्या जुन्या स्लाव्ह भावंडाच्या टोकाला तोच आखूड स्वर आहे. मग ‘नेबो’त पूर्ण ‘ओ’ कसा राहिला? ‘ते’ या अर्थाच्या ‘तो’ या नपुंसकलिंगी सर्वनामाचा तो प्रभाव असावा, असे काहींचे मत आहे. उत्तर कोणतेही ठरो, जे साम्य चटकन डोळ्यांत भरते तो योगायोग आहे आणि जे दडलेले आहे तो पुरावा आहे. या एका शब्दापासून घ्यायचा धडा हाच.

‘मग स्लाव्ह शब्द संस्कृतातूनच निघाला असे का म्हणू नये?’ हा पहिला आक्षेप, आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. संस्कृत प्राचीन आहे आणि तिचे व्याकरण जगात सर्वप्रथम इतक्या काटेकोरपणे मांडले गेले, यात शंका नाही. पण ‘नेबो–नेबेसे’ यातले स्वर पाहा: एकदा ‘ओ’, एकदा ‘ए’. ग्रीकमध्ये ढगाला ‘नेफोस’ म्हणतात आणि त्याच्या षष्ठीत पुन्हा ‘ए’ येतो: ‘नेफेओस’. मधला ‘स’ ग्रीकने स्वरांमध्ये गमावला, पण स्वरांची ती अदलाबदल जपली. संस्कृतात मात्र दोन्हीकडे ‘अ’च आहे. उलट संस्कृतने जपलेला महाप्राण ‘भ’ स्लाव्हने गमावून ‘ब’ केला. म्हणजे दोघींनी वेगवेगळ्या वस्तू सांभाळल्या आणि वेगवेगळ्या हरवल्या. आईने हरवलेला दागिना लेकीच्या अंगावर दिसू शकत नाही. तो दिसतो तेव्हा त्या दोघी बहिणी असतात आणि दागिना त्यांच्या आईचा असतो. संस्कृतात एके काळी वेगळा ऱ्हस्व ‘ए’ होता याची कबुली खुद्द संस्कृतच देते. ‘कृ’ धातूचे परोक्ष भूतकाळी रूप ‘चकार’. धातू ‘क’ने सुरू होतो, मग द्वित्वातला पहिला वर्ण ‘च’ का? कारण त्या जागी पूर्वी ‘ए’ होता आणि ‘ए’पूर्वीचा ‘क’ तालव्य होऊन ‘च’ झाला. नंतर ‘ए’ आणि ‘ओ’ दोन्ही ‘अ’मध्ये विरघळले, पण ‘च’ राहिला. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे, तेही यामुळेच. विरघळलेल्या स्वराची खूण आपल्याच व्याकरणात उमटलेली आहे, ती वाचायला परदेशी जावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त मूलगामी आहे. कुणी पाहिली नाही, कुणी ऐकली नाही अशी रूपे तारा लावून मांडायची, याला विद्या म्हणायचे की कल्पनाविलास? अनुमानाची परीक्षा ते नव्या पुराव्यापुढे टिकते की नाही यावरून होते, आणि इथे पुरावे दोनदा जमिनीतून वर आले. १९०६ मध्ये तुर्कस्तानात बोआझकय येथे उत्खनन सुरू झाले आणि मातीच्या विटांवर लिहिलेला हित्ताइत राज्याचा दप्तरखाना सापडला. ती भाषा संस्कृत, ग्रीक आणि स्लाव्ह यांच्याच कुळातली आहे, हे १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानाने जाहीर केले. संस्कृत, ग्रीक आणि स्लाव्ह यांच्यावरून ‘स’कारान्त नपुंसकलिंगी आकाशवाचक शब्द आधीच सिद्ध झालेला होता. त्या विटांमध्ये आकाशाचा शब्द निघाला ‘नेपिश’: नपुंसकलिंगी, आणि शेवटी ऊष्म व्यंजन जसेच्या तसे. ज्याच्या मातृभाषेत आकाशाला ‘नेबे’ म्हणतात, त्या माणसाने तीन हजारांहून अधिक वर्षे पुरलेल्या भाषेची ओळख पटवली आणि तिच्यात त्याच शब्दाचे जुने भावंड निघाले. ताऱ्यामागचा तर्क त्या विटांनी खरा ठरवला.

दुसरा पुरावा स्लाव्ह भूमीतलाच आहे. रशियातल्या नोव्हगोरोद शहरात २६ जुलै १९५१ रोजी भूर्जाच्या सालीवर कोरलेले पहिले पत्र सापडले. आता अशा पत्रांची संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. व्यापारी, शेतकरी, नवरा-बायको यांचे ते घरगुती लेखन आहे. अखंड, शाबूत या अर्थाचा शब्द ज्ञात स्लाव्ह भाषांत ‘त्स’ने सुरू होतो, रशियनमध्ये ‘त्सेली’. जर्मन ‘हाइल’सारख्या नातलगांवरून अभ्यासकांनी त्याचे आद्य रूप ‘क’ने सुरू होणारे ठरवले होते, मात्र जुन्या ग्रंथांत ‘क’ कुठेच दिसत नव्हता. अकराव्या शतकातल्या एका भूर्जपत्रात ‘केले’ असा शब्द आला. आधी तो साधूच्या कोठडीचा उल्लेख समजला गेला. १९८० च्या दशकात आंद्रेई झालिझन्याक यांनी दाखवले, की कुलूप शाबूत आहे आणि दारेही शाबूत आहेत, एवढेच ते पत्र सांगते. ताऱ्यासह लिहिला जाणारा ‘क’ एका सामान्य माणसाच्या पत्रात प्रत्यक्ष उभा होता. याच झालिझन्याक यांनी रशियन वाचकांसाठी संस्कृत व्याकरणाची रूपरेषाही लिहिली, जी १९७८ च्या संस्कृत-रशियन शब्दकोशाला जोडलेली आहे. दोन्ही बहिणींची ज्याला सारखी ओळख होती, त्यालाच त्या ‘क’चे मोल कळले.

तिसरा आक्षेप अपवादांचा. लिथुएनियनमध्ये ढगाला ‘देबेसिस’ म्हणतात. मधला ‘स’ आहे, ‘ब’ आहे, पण सुरुवातीला ‘न’ऐवजी ‘द’. मग ध्वनिनियम कोसळले का? अपवाद आला की त्याचे कारण शोधावे लागते आणि ते कारण इतरत्रही लागू पडते का हे तपासावे लागते. संस्कृत ‘नव’ म्हणजे नऊ, रशियनमध्ये मात्र ‘देव्यात्’ आणि लिथुएनियनमध्ये ‘देविनि’. इथेही ‘न’चा ‘द’. मोजताना नऊनंतर लगेच दहा येतात, आणि रशियन दहा आहेत ‘देस्यात्’. शेजारच्या अंकाचे आद्याक्षर नऊला चिकटले. लिथुएनियनची नामशेष झालेली बहीण प्राचीन प्रशियन, तिच्यात ‘नववा’ या अर्थाच्या शब्दात ‘न’ टिकून होता. ‘देबेसिस’च्या बाबतीतही, आकाशाच्या ‘दांगुस’ या लिथुएनियन शब्दाने असाच ओढा लावला असावा असे अनेकांना वाटते. नियमाने अपवादाचा हिशेब द्यावा आणि तो इतर ठिकाणी पडताळून घ्यावा, अशी ही शिस्त आहे. कानाला गोड वाटणाऱ्या व्युत्पत्तीकडे असा हिशेब नसतो. तिथे प्रत्येक अक्षर हवे तसे बदलता येते.

अर्थाचाही हिशेब द्यावा लागतो. ग्रीक ‘नेफोस’ म्हणजे ढग, लॅटिन ‘नेबुला’ म्हणजे धुके, जर्मन ‘नेबेल’ म्हणजेही धुके, आणि स्लाव्ह ‘नेबो’ म्हणजे आकाश. मूळ अर्थ कोणता? उत्तर आपल्याच पंचांगाच्या पूर्वेतिहासात आहे. वैदिक काळात चैत्रापासून फाल्गुनापर्यंतच्या महिन्यांना वेगळी नावे होती. त्यात श्रावणाचे नाव ‘नभस्’ आणि भाद्रपदाचे ‘नभस्य’. नुसत्या निळ्या आकाशावरून पावसाळ्याच्या दोन महिन्यांना नाव पडणार नाही. ते पडले ढगांवरून, दाटून आलेल्या वाफेवरून. वेदांच्या भाषेत ‘नभस्’चे धुके आणि मेघ हे अर्थ जिवंत होते. ढगांनी भरलेले ते वरचे छत, आणि मग ते छत म्हणजेच आकाश, असा अर्थाचा प्रवास संस्कृतात झाला, स्लाव्हमध्येही झाला.

आता मराठीचा खरा वाटा. ‘नभ’ हा आपल्याकडचा तत्सम शब्द. तो कवितेतून, ग्रंथांतून, संस्कृतच्या अभ्यासातून आला. शेतात उभा राहून वर बघणारा माणूस ‘आभाळ’ म्हणतो. ‘आभाळ’ आला संस्कृत ‘अभ्र’, प्राकृत ‘अब्भ’ यांच्या वाटेने, पिढ्यानपिढ्यांच्या तोंडातून. वरवर पाहता ‘नेबो’शी त्याचे काही साम्य नाही. पण ‘अभ्र’ हे ‘नभ्’ या मुळाचेच आक्रसलेले रूप आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. मुळातला स्वर गळाला की ‘न्’ एकटा पडतो आणि संस्कृतात त्याचा ‘अ’ होतो. नकारार्थी ‘अ’ असाच झाला: ‘ज्ञान’चे ‘अज्ञान’, पण पुढे स्वर आला की दडलेला ‘न’ परततो आणि ‘अंत’चे ‘अनंत’ होते. लॅटिनमध्ये पावसाच्या सरीला ‘इम्बेर’ म्हणतात. त्यात ते अनुनासिक अजून ऐकू येते. म्हणजे ‘नेबो’शी कानाला जुळणारा ‘नभ’ आपण ग्रंथांतून घेतला, आणि न जुळणारा ‘आभाळ’ आपल्याकडे रक्ताच्या नात्याने आला. रशियनचीही हीच गोष्ट आहे. तिच्यात आघात असलेल्या ‘ए’चा काही ठिकाणी ‘यो’ होतो. त्या नियमाने आकाश ‘न्योबो’ व्हायला हवे होते. चर्चच्या ग्रंथभाषेतला ‘ए’ मान्य झाल्याने ते ‘नेबो’ राहिले, आणि घरगुती ‘न्योबो’ हा शब्द तोंडातल्या टाळूसाठी उरला, कारण टाळू म्हणजे तोंडातले घुमटाकार छत. ‘नभ–आभाळ’सारखी तत्सम-तद्भवाची फाळणी तिथेही झाली आहे.

‘या सगळ्याचा सामान्य वाचकाला उपयोग काय?’ असा शेवटचा आक्षेप येईल. उपयोग आहे, आणि तो सार्वजनिक आहे. भाषेच्या प्राचीनतेचा अभिमान जिथे पुराव्याशिवाय वाढतो तिथे बनावट पुरावे तयार होतात. स्लाव्ह जगात ‘वेलेसचा ग्रंथ’ नावाच्या लिखाणाला लाकडी फळ्यांवरचा हजार वर्षांपूर्वीचा धर्मग्रंथ म्हणून मिरवले गेले. भाषाशास्त्रज्ञांनी तो विसाव्या शतकातला बनाव ठरवला, कारण त्यातली विभक्तिरूपे कोणत्याच काळाच्या स्लाव्ह व्याकरणाशी जुळत नाहीत. ज्याला ‘नेबेसे’ का होते हे माहीत नसते, त्याला जुन्या भाषेचे सोंग फार वेळ आणता येत नाही. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तिच्या वयाची चर्चा वाढली आहे. ती व्हावीच, पण या चर्चेला साजेशी परंपरा आपल्याकडे आधीच आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत संस्कृतपासून मराठीपर्यंतचा ध्वनींचा प्रवास नियमांनी उलगडून दाखवला, आणि झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या शिस्तीने बोलणे हाच मराठीचा मान राखणे होय. संस्कृत ही जगातल्या सर्व भाषांची आई आहे असे म्हटल्याने तिची थोरवी वाढत नाही. ‘भ’ सांभाळणारी, ‘नभसः’ सांभाळणारी, ‘चकार’मध्ये हरवलेल्या स्वराची खूण जपणारी साक्षीदार म्हणून तिचे स्थान कुणी हिरावू शकत नाही, आणि ते स्थान पुरेसे मोठे आहे.

म्हणून एक साधी सूचना. शाळेत आपण तत्सम आणि तद्भव शब्दांच्या याद्या पाठ करून घेतो, विसर्गसंधीचे नियम घोकून घेतो, आणि परीक्षा संपली की ते सारे विसरले जाते. त्याऐवजी एका तासाला फळ्यावर ‘यश, यशस्वी, यशोगाथा’ लिहावे आणि विचारावे, हा ‘स’ कुठे गेला आणि कुठे परत आला? त्याखाली ‘नेबो, नेबेसा’ लिहावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा. मग ‘अनंत’ आणि ‘अज्ञान’ लिहून हरवलेला ‘न’ शोधायला लावावे, आणि शेवटी ‘आभाळ’ लिहावे. सातवी-आठवीतली मुले हे कोडे नक्की सोडवतील. ज्याने ते एकदा सोडवले, तो पुढे मोबाइलवर आलेल्या ‘अमुक भाषा तमुक भाषेची मुलगी’ अशा संदेशावर विश्वास ठेवण्याआधी दोन्ही भाषांतली षष्ठीची रूपे मागेल.